महाराणीची पेटी

तिनं अंगठ्यानं दाबलं, चंदेरी कागद फुटला आणि गोळी मुकादमाच्या तळहातावर पडली. मुकादमानं हात मागं घेतला नाही.

"अजून एक दे, महाराणी. एकीनं आता काही होत नाही."

"घ्या की. दोन घ्या."

दुसरी गोळी काढून तिनं वर पाण्याचा पेलाही दिला. एवढी सेवा ती घरी नवऱ्याचीसुद्धा करत नव्हती. गोळ्या गिळून मुकादम आपल्या टेबलाकडं वळला, तशी तिनं औषधाच्या पेटीला कुलूप घातलं, पिशवीतून वही काढली आणि शेवटच्या पानावर आजच्या तारखेपुढं फुली मारली. या महिन्यातली बाविसावी. कुंडीतल्या रोपाला नवं पान फुटल्यावर बघतात ना, तशी तिनं ती फुली बघितली. मग वही ठेवून कागद घडी करायला बसली.

पुस्तकं बांधायचा कारखाना होता तो. खाली छपाई, वरच्या हॉलमध्ये बांधणी. आणि महाराणी हे नाव त्या मुकादमानंच ठेवलेलं.

चार वर्षांपूर्वी ती पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं उठवायची. त्या टेबलावर बसायला दहा वर्षं हात घासावे लागतात, ते तिनं घासले होते. पण महिन्यातून चार-पाचदा तिच्या डाव्या डोळ्याच्या वर कुणीतरी खिळा ठोकायला बसायचं. डोळ्यांपुढं काजवे, पोटात ढवळायचं, आणि त्यात डोळ्यांसमोर ती ट्यूब. तिचा चोक बिघडलेला. कितीही नवी ट्यूब घाला, लुकलुकायची ती लुकलुकायचीच. बटण जवळच्या खांबावर. एक दिवस तिला राहवलं नाही.

"मुकादम, घटकाभर ट्यूब बंद करू का? खिडकीचा उजेड आहे की."

मुकादम उठून हॉलच्या मधोमध उभा राहिला.

"ऐकलंत का? महाराणींचं डोकं दुखतंय! दिवे मालवा!"

आणि कपाळावर हात धरून, डोळे फिरवून, कंबर मुरडत त्यानं अख्ख्या हॉलला तिची नक्कल करून दाखवली. बायका हसल्या. शिलाईवाली आत्यासुद्धा हसली, रोज तिच्याच डब्यात जेवणारी. महाराणीनं कातरणाच्या टोपलीत तोंड घातलं आणि सकाळचं सगळं बाहेर काढलं. त्यावर अजून एक हसू झालं. दुसऱ्या दिवशी सोनेरी टेबलावर दुसरीच कुणी बसली होती. ही घडीकामाला, खांबाला लागून, बरोब्बर त्याच ट्यूबच्या खाली. आणि बटणाला हात लावायचा नाही, ही ताकीद.

पुढं तिला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई भेटल्या. तोवर ती दिवसाला तीन-तीन दुखण्याच्या गोळ्या खात होती. ते ऐकून बाई खुर्चीतच सरळ झाल्या.

"अहो, आता तुमचं डोकं या गोळ्यांमुळंच दुखतंय! आठवड्यातून दोन दिवसांच्या वर घ्यायच्या नाहीत."

रात्रीची एक गोळी वेगळी, दुखणं सुरू होताच घ्यायची वेगळी. झोप वेळेवर, जेवण वेळेवर, उपाशी राहायचं नाही, पाणी प्यायचं. आणि वही. दुखलं की फुली, गोळी घेतली की फुली. तिनं सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतलं आणि शाळेतल्या पोरीसारखं पाळलं. वर्षभरात फुल्या महिन्याला एकीवर आल्या. हिला औषधातलं कळतं म्हणून मालकांनी पेटीची किल्ली तिच्याकडं दिली.

आणि मग, देव आहे म्हणायचा, मुकादमाचं डोकं दुखायला लागलं.

आधी आठवड्यातून एकदा, मग दोनदा, मग रोज. तो हात पुढं करायचा, ती मनातल्या मनात वहीचं पहिलं पान वाचायची आणि गोळी द्यायची. विष नव्हती देत ती. मागेल तेच देत होती. गोडी त्यातच होती.

त्या दुपारी ती कागदाचं रीम आणायला गोदामात गेली, तर दिवा न लावता मुकादम गठ्ठ्यांच्या मध्ये बसलेला. तिची चाहूल लागली तरी त्यानं मान वळवली नाही.

"ती नक्कल," तो म्हणाला. "मी केली होती बघ तुझी. ती चुकली होती."

ती दारातच थांबली.

"मी कपाळावर हात धरला होता. कपाळावर नसतं ते. इथं असतं." त्यानं भुवईच्या खाली, हाडाच्या आत अंगठा रुतवला. "आणि एवढं हलत नाही गं कुणी. हलवतच नाही."

हा दिवस आला की मोठ्यानं हसायचं, असं तिनं चार वर्षं ठरवून ठेवलं होतं. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. मग वही काढून पहिलं पान त्याच्यापुढं धरलं आणि उजेडासाठी दार वीतभर उघडलं. त्यानं ओठ हलवत वाचलं. वाचून झाल्यावर पानं उलटत शेवटच्या पानावर आला. वर लिहिलं होतं, 'मुकादम'. खाली फुल्याच फुल्या.

"तुला ठाऊक होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या गोळीपासून."

तो ओरडला, तर काय बोलायचं हे तिनं तयार ठेवलं होतं. तो ओरडला नाही. वही मिटून त्यानं तिच्याकडं दिली.

"आता?"

"बुधवारी डॉक्टरीणबाई बसतात. जा. या गोळ्या बंद करतील त्या. पहिले पंधरा दिवस आत्ताच्यापेक्षा जास्त दुखेल."

"जास्त म्हणजे किती?"

तिच्या ओठांपर्यंत हसू आलं, ते तिनं गिळलं.

"ते काही करून दाखवता येत नाही," ती म्हणाली आणि रीम उचलून निघाली.

गोळ्या बंद झाल्याच्या आठव्या दिवशी सकाळपासून तो दोनदा पेटीपाशी आला. दोन्ही वेळा तिनं मान हलवली. दोन्ही वेळा तो गेला.

"अगं, दे की एक," आत्या म्हणाली. "जीव जाईल त्याचा."

"जात नाही. मी बसलेय की तुझ्यासमोर."

दुपारी मुकादम टेबलावरून उठला. अंगठा भुवईखाली, डोळे मिटलेले. वर ट्यूब लुकलुकत होती.

"महाराणी," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. "ट्यूब जरा बंद करता का?"

"काय म्हणालात?"

ऐकू आलं होतं तिला. सगळ्यांनाच आलं होतं. अशा वेळी स्वतःचाच आवाज कवटीत कसा आपटतो, तेही तिला ठाऊक होतं. मुकादमानं भिंतीला हात टेकला आणि हॉलभर ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला,

"ट्यूब बंद करता का?"

तिनं हातातला कागद घडी केला. घडीवरून अंगठा फिरवला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. आत्याची सुई वरच्या वर थांबली होती. चौथा. पाचवा कागद तिनं नीट कडेला कड लावून घडी केला, गठ्ठ्यावर ठेवला, तळहातानं दाबला. मग न बघताच तिचा हात खांबाकडं गेला.

खिडकीचा उजेड होताच.