फोनचं प्रूफ

डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, "आजोबा, वाचन आता बंद. पण काळजी नको, हल्ली ऐकायला पुष्कळ असतं." एवढं बोलून त्याने पुढच्या पेशंटची फाइल उघडली. चपला बदलायला सांगावं, तसं सांगितलं मेल्याने.

माझे सासरे एकेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे प्रुफं वाचायचे. शाळेची पुस्तकं, कायद्याची पुस्तकं, मतदारांच्या याद्या, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं. दिवसभर लोकांच्या चुका वाचायच्या आणि घरी येऊन पाय पसरून खुनाच्या कादंबऱ्या वाचायच्या, हा त्यांचा आयुष्याचा क्रम. आता त्यांना दाराची चौकट दिसते, दारात उभ्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डोळ्याच्या पडद्याचा नेमका मधला भाग गेलाय. अक्षराकडे बघितलं की अक्षरच नाहीसं होतं.

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी चष्मा टीव्हीवर ठेवला तो ठेवलाच. तीन महिने माणूस खिडकीशी बसून होता. मग एका सोमवारी जेवताना म्हणाले, "रविवारी रद्दीवाल्याला बोलावलंय. कपाट रिकामं करून टाकू."

"सगळं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"मग काय, धूळ पुसायला ठेवू?"

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याही बंद पडलेल्या वस्तूकडे तो शांतपणे बघू शकतो, बापाकडे मात्र त्याला बघवत नाही. तो ताटात बघायला लागला. मग मीच तोंड उघडलं. "रविवारला अजून सहा दिवस आहेत, बाबा."

"मोजता येतात मला."

मला माहीत होतं, कपाट गेलं की हा माणूस गेला. श्वास चालू राहील, जेवण चालू राहील, पण खिडकीशी जे बसलेलं असेल त्याला बाबा म्हणायला जीभ रेटणार नाही.

ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, दुसऱ्या शहरात असते आणि तिथून प्रेम पाठवते. या वेळी तिने यादी पाठवली होती, 'ज्येष्ठांसाठी दहा सुंदर पॉडकास्ट'. खाली फुलं. मी ते दहाच्या दहा दोन दिवसांत कामावर ऐकले. मी रुग्णालयाच्या धुलाई विभागात आहे. ओल्या चादरी तापलेल्या रोलरमध्ये घालायच्या, दोघी इकडून घालणार, दोघी तिकडून ओढून घडी करणार. हातात मोजे, कपाळाला घाम, फोनला बोट लावायची सोय नाही. म्हणून मी फोनलाच वळण लावून ठेवलंय. रुग्णालयाच्या फाटकातून आत शिरले की तो आपोआप गप्प होतो. एका कानात इअरफोन घातला की काल जिथे थांबलं होतं त्याच्या पंधरा सेकंद आधीपासून सुरू होतं. घरून फोन आला तर कानात नाव सांगतो, बाकीच्यांना 'कामात आहे' असा निरोप स्वतःच धाडतो. हे मला कोणी शिकवलं नाही. सेटिंगमध्ये घुसले, बिघडवलं, परत जागेवर आणलं, असं करत शिकले. आठ वर्षांत चादरी घालता घालता मी इतकं ऐकलंय की कुठल्या कार्यक्रमात दम आहे ते मला दोन मिनिटांत कळतं. सुरुवातीलाच दोघं एकमेकांचं कौतुक करून खिदळायला लागले की बंद करायचं. पुढेही तेच असतं.

ताईच्या दहापैकी सात तिथेच गेले. एक बाई मात्र खिदळत नव्हती, म्हणून बाबांना ऐकवली. ती गोड आवाजात म्हणाली, "मग आजी-आजोबा, आज आपण पाणी प्यायलो का?"

बाबांनी विचारलं, "कोणाशी बोलतेय ही?"

"तुमच्याशी."

"तिला सांग, मी पितो. कोणी न विचारता पितो."

म्हातारं माणूस म्हणजे मोठं झालेलं तान्हं बाळ, असं या लोकांना कोणी सांगितलं देव जाणे. ज्याने कायद्याच्या पुस्तकातला एक चुकलेला 'नाही' पकडून न्यायाधीशांचा होणारा घोटाळा टाळला, त्याला हे पाणी पाजताहेत.

मग मी एका नटाने वाचलेली खुनाची कादंबरी लावली. बाबांनी दहा मिनिटं ऐकली. "हा प्रत्येक वाक्यात मरतोय. खून अजून व्हायचाय म्हणावं."

"मग तुम्हाला हवंय तरी काय?"

"सरळ वाच म्हणावं. रंग मी भरीन."

रंग न भरता वाचणारं या घरात एकच होतं, फोन. सार्वजनिक ग्रंथालयाच्या ॲपवर पुस्तकं फुकट मिळतात आणि फोन ती मोठ्याने वाचतो. ते मी बाबांच्या फोनवर टाकलं. पुस्तक कसं निवडायचं ते मात्र बाबांनी सांगितलं. "पहिलं पान सगळेच घासूनपुसून लिहितात. मध्ये उघड. लेखक दमतो तो मध्ये." मी पाच पुस्तकं मधूनच ऐकवली. चार त्यांनी हातानेच बाजूला सारली. पाचवी एका इन्स्पेक्टरची गोष्ट होती, जो पायाला कुरूप झाल्यामुळे लंगडत तपास करतो. "ही असू दे," म्हणाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी 'असू दे' म्हटलं होतं.

आणि फोनने तोंड उघडून सगळ्यावर पाणी ओतलं.

आपल्या भाषेतला च दोन तऱ्हेचा. चमच्यातला वेगळा, चंद्रातला वेगळा. ज चंही तसंच. लिहिताना एक, बोलताना दोन. तो आपण शाळेत शिकत नाही, आईच्या कडेवर बसून उचलतो. फोनला आई नाही. त्याला सगळे च चंद्रातले आणि सगळे ज जन्मातले वाटतात. इन्स्पेक्टर हवालदाराला म्हणाला, "जरा थांब," आणि फोनने तो ज असा काही उच्चारला की बाबांनी इअरफोन काढून मांडीवर टाकला.

"जरा म्हणजे संस्कृतात म्हातारपण. हा 'म्हातारपणा, थांब' म्हणतोय. कोणाला सांगतोय, मला?"

"बाबा, एवढं काय, अर्थ कळतो ना."

"अर्थ कळला की झालं, असं म्हणणाऱ्यांनीच छापखाने बुडवले."

ते परत खिडकीशी जाऊन बसले. तो बुधवार होता.

मला राग बाबांचा आला नाही. फोन बनवणाऱ्यांचा आला. कोट्यवधी लोकांची भाषा, आणि तिच्यासाठी एक शहाणा माणूस दोन दिवस खुर्चीत बसवता आला नाही यांना! सेटिंगमध्ये शोधताना मला एक खिडकी सापडली, 'उच्चार बदला'. डाव्या रकान्यात पुस्तकातला शब्द लिहायचा, उजव्या रकान्यात फोनने काय म्हणायचं ते. मला वाटलं, सापडली चावी. सगळ्यात जास्त काय खुपतं? त्याचा, घराचा, पोलिसाचा, हा शेवटचा 'चा'. तो चमच्यातला असतो, फोन चंद्रातला म्हणतो. कामावरून आल्या आल्या, एक-एक शब्द कोण लिहीत बसणार म्हणून, मी डावीकडे 'चा' लिहिलं, उजवीकडे 'त्सा'. सरसकट. ऐकून बघायलाही थांबले नाही.

गुरुवारी संध्याकाळी जबरदस्तीने त्यांच्या कानात इअरफोन घातला. आवाज मलाही ऐकू यावा म्हणून दुसरा माझ्या कानात. फोन गंभीरपणे वाचायला लागला, "त्सार वाजता इन्स्पेक्टरने वित्सारलं, उपत्सार कोणी केले?"

बाबा एकदम खोकायला लागले. मी पाण्याला धावले, तर ते खोकत नव्हते, हसत होते. डोळ्यांतून पाणी, हात मांडीवर आपटतायत.

"वित्सार!" ते म्हणाले. "अगं वित्सार करून तरी बदल करायचा!"

"मला काय माहीत, तो शब्दाच्या पोटातलेही चा बदलेल."

"काय केलंस नेमकं?" मी सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकले. "हे नवशिकं पोरगं करतं छापखान्यात पहिल्या आठवड्यात. एक चूक दिसली की सगळीकडे तीच फिरवायची. प्रुफात सरसकट काही नसतं. एकेक शब्द धरायचा, त्याचा कान पकडायचा, सोडायचा. पुसून टाक ते. आणि लिही."

"काय लिहू?"

"मी सांगतो ते. त्याचा. त्याच्यापुढे त्यात्सा. घराचा. पाचर घे. चाबूक घे. विचार, उपचार, चार यांना हात लावू नकोस, ते जन्मतःच बरोबर आहेत. जरा घे, ज खाली टिंब देऊन बघ काय म्हणतो."

टिंब दिल्यावर फोन बरोबर म्हणाला. बाबांनी नुसती बोटं चोळली. चाकूवरून मात्र आमचं वाजलं. ते म्हणाले चंद्रातला, मी म्हणाले चमच्यातला. खुनाच्या कादंबरीत चाकू पानोपानी, सोडून देता येईना.

"तुमच्या घरी सगळं बोलणं असंच धेडगुजरी होतं का गं?"

"आमच्या घरी चाकूने कांदा कापायचे, बाबा, उच्चार नाही."

शेवटी त्यांचा ठेवला. छपाईला जाताना वरिष्ठाची सही लागते म्हणे.

ऐकताना चूक आली की मला हाक मारायची, हे जमणारं नव्हतं. मी दिवसभर घरात नसते. म्हणून शुक्रवारी पहाटे डबा करता करता त्यांच्या फोनला आणखी वळण लावलं. फोनच्या पाठीवर बोटाने दोनदा टिचकी मारली की त्या जागी खूण पडते. इअरफोन घातला की पुस्तक मागच्या वाक्यापासून सुरू. पुस्तक चालू असताना फोन वाजायचा नाही, कोणी केलाच तर त्याला आपोआप निरोप, 'मी कामात आहे, तासाभराने फोन करा.'

संध्याकाळी घरी आले तर एकशे सतरा खुणा.

"एवढ्या?"

"दुपारी डुलकी लागली, नाहीतर आणखी झाल्या असत्या."

त्यांतल्या निम्म्या उच्चाराच्या नव्हत्याच. पुस्तकातल्या छपाईच्या चुका होत्या. "सदतिसाव्या प्रकरणात इन्स्पेक्टरच्या बायकोचं नाव बदललंय," ते म्हणाले. "कोण होता याचा मुद्रितशोधक? झोपला होता काय?"

शनिवारी मी चहा गाळत होते तेव्हा ताईचा फोन मला आला. आवाज टिपेला. "बाबा फोन घेत नाहीत! वरून मला निरोप येतो, कामात आहे. त्यांना कसलं आलंय काम?"

मी फोन बाबांच्या पुढ्यात धरला. त्यांनी एक इअरफोन काढला. "बोल."

"बाबा, करताय काय तुम्ही?"

"वाचतोय. प्रकरण संपलं की करतो फोन."

"वाचताय? कसं? दिसतंय का तुम्हाला?"

"नाही," म्हणाले, आणि इअरफोन परत कानात घातला.

ताई मला म्हणाली, "अगं, त्या आंधळ्या जिवाला कामाला जुंपलंस तू? आराम करू दे ना त्यांना."

"ताई, तीन महिने आराम बघितला मी त्यांचा. तुम्ही नाही बघितलात." फोन ठेवला तिने. तिचं चूक होतं असं नाही, ती लांब होती एवढंच. पण लांब असणाऱ्याने आराम वाटत फिरू नये.

मला वाटलं, रविवारचं आता मिटलं. मी कोणाला काही विचारलंही नाही. सकाळी दहाला बेल वाजली, दारात रद्दीवाला, खांद्यावर पोती. आणि बाबा उठून स्वतः कपाट उघडत होते.

मी कपाटासमोर जाऊन उभी राहिले. "हे काय चाललंय? आता वाचताय ना तुम्ही?"

"फोनवर वाचतोय. ही मला दिसतात का?"

"म्हणून रद्दीत? तुमची पुस्तकं?"

"तुझ्या मागे आहेत म्हणून तुझी झाली नाहीत. सर बाजूला."

नवरा मधल्या खोलीतून आला आणि मधेच थांबला. रद्दीवाल्याने पोतं खाली ठेवलं, म्हणाला, "तुमचं ठरवा, मी बसतो," आणि खरंच भिंतीला टेकून बसला. त्याला अशी घरं रोजचीच असणार.

बाबांनी हात लांब करून वरच्या खणातलं पहिलं पुस्तक काढलं. डोळे छताकडे, अंगठा पुस्तकाच्या कण्यावर; कुठलं कुठे आहे ते त्यांना पाठच होतं. नाव सांगितलं. "आहे का बघ तुझ्या ग्रंथालयात."

बघितलं. "आहे."

त्यांनी ते रद्दीवाल्याकडे दिलं. फेकलं नाही, दिलं. दुसरं काढलं, नाव सांगितलं. तेही होतं, तेही गेलं. तिसरं नव्हतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. मग माझ्या लक्षात आलं. जे फोन वाचू शकतो ते जाणार, जे वाचू शकत नाही ते राहणार. आपल्या हाताने लावलेलं कपाट हा माणूस आपल्या हातानेच चाळून काढत होता, आणि मी मूर्खासारखी पहारा देत होते.

दुपारपर्यंत चाललं. टेबलावर तेहतीस उरली. सगळी स्वस्त कागदाची, कधीच बंद पडलेल्या प्रकाशनांची, खुनाचीच. ज्यांची कुठे फाइल नाही, ज्यांची कोणाला पडलेली नाही. नवऱ्याने पोती खाली पोचवायला मदत केली. मला वाईट वाटलं, पण वाईट वाटायचा पहिला हक्क बाबांचा होता, आणि ते तर हात पुसत होते.

"यांची पानं फोटो काढून फोनला वाचता येतात, असं परवा म्हणालीस ना?"

"येतात. पण वेळ लागतो."

"रोज वीस पानं."

"आठ तास चादरी घालते मी, बाबा. दहा."

"पंधरा. आणि वाकडा फोटो चालणार नाही."

"बारा."

"बारा," ते म्हणाले, आणि टेबलाशी खुर्ची ओढली. "बस."

"आत्ता? घरचे कपडे पडलेत धुवायचे."

"इथे माणूस मरून पडलाय आणि तुला कपडे सुचतात!"

मी फोन घेऊन बसले. त्यांनी सगळ्यात वरचं पुस्तक उघडलं, पहिलं पान दोन्ही हातांनी सपाट केलं आणि धरून ठेवलं. दोन्ही अंगठे मजकुराच्या बाहेर होते.