छापलंय तसं

गेटपाशी स्कूटर स्टँडवर लावून जयवंत पाटणकर सरांनी पिशवीतून मेळाव्याच्या निमंत्रणाचं कार्ड काढलं आणि कोपऱ्यावरचं हळदकुंकू रुमालाने पुसायला घेतलं. बायकोने हौसेने सगळ्याच कार्डांना बोटं लावून ठेवली होती. जुन्या खेळाडू फ्लॉसीच्या ख्रिस्ती घरी त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नसतं, पण सरांना उगीच अवघडल्यासारखं झालं. पुसल्यावर कोपरा आणखीच पिवळा दिसू लागला. मग त्यांनी नाद सोडला.

हे सातवं घर. कॉलेजच्या बास्केटबॉलमधून नावारूपाला आलेल्या माणसांची यादी त्यांनी स्वतःच केली होती, आणि आठवड्याभरात ती स्वतःच खोडत आणली होती. हरेश परदेशात होता. व्हिडिओ पाठवतो म्हणाला. अल्पेशने मेसेजवर नुसता अंगठा पाठवला. त्याचा अर्थ येतो की नाही येत, हे विचारायला फोन केला तर उचलला नाही. उरलेल्यांपैकी कोणाचे गुडघे दुखत होते, कोणाच्या मुलांच्या परीक्षा होत्या. गरज सरो, वैद्य मरो.

प्राचार्यांनी मात्र आडपडदा ठेवला नव्हता. माजी खेळाडूंच्या मेळाव्याला नाव घेण्यासारखं कोणी आलं आणि संस्थेच्या अध्यक्षांना ते दिसलं, तर मुलींचा संघ चालू ठेवू. नाहीतर जूनपासून कोर्टावर पेव्हर ब्लॉक आणि दुचाक्यांचं पार्किंग. वालीवच्या एका कारखानदाराने पोरींना टी-शर्ट कबूल केले होते, तेही त्याच बोलीवर. सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. सोडून द्यावं सगळं, असं त्यांना रोज सकाळी वाटायचं. संध्याकाळी पोरी बॉल आपटत कोर्टावर यायच्या आणि सोडून देणं राहून जायचं.

ओटीवर फ्लॉसीची आई प्रिस्काबाई वाल सोलत बसली होती. तिने सरांना लगेच ओळखलं.

"तुमीच ना ते बॉलवाले सर? बसा. पानी देते. ही सुकेळी खा, घरच्या केळ्यांची हायेत."

फ्लॉसी आतून आली. चव्वेचाळिशीची, अजूनही दारातून जरा वाकून येणारी. भारताकडून दोनदा खेळलेली बाई, पण चर्चमधली रविवारची प्रार्थना, मिस्सा, आटोपून आलेल्या चारचौघींसारखीच दिसत होती. सरांनी पाठ झालेलं सगळं सांगितलं आणि पाहुण्यांची ओळख छापलेलं कार्ड पुढे केलं. ती ते उभ्यानेच वाचू लागली.

"आमच्या घरात सातवीच्या पुढं कोन गेलं नवतं," प्रिस्काबाई सांगू लागली. "ही बी.कॉम. झाली. हिच्या बापाने देवाचे उपकार मानायला खास मिस्सा सांगितला होता. चर्चमदे फादरने नाव घेतलं हिचं. सर्टिफिकेट तेवढं मी पाह्यलं नाय. रेल्वेवाल्यांनी ठेवून घेतलंय ना ते."

"खेळही मोठा, शिक्षणही मोठं," सर म्हणाले. असं बोलायची त्यांना सवय होती.

फ्लॉसीने कार्डाची घडी घातली.

"सर, बावखल बघायला चला. यंदा एप्रिलातही पाणी आहे."

घरामागे केळीच्या पलीकडे ते गोड्या पाण्याचं जुनं तळं होतं. काठावर आल्यावर तिने घडी घातलेलं कार्ड वर धरलं.

"ह्यात एक चूक आहे, सर."

"आडनाव चुकलं का? प्रेसवाल्याला मी दोनदा—"

"आडनाव बरोबर आहे. बी.कॉम. कोणी लिहिलं?"

"मीच. तू कॉमर्सलाच होतीस ना?"

"होते. परीक्षेला बसले नाही."

सरांना वाटलं, ही काहीतरी गंमत करते आहे. ती गंमत करत नव्हती.

"शेवटच्या वर्षी मी राज्याच्या कॅम्पला होते, मग नॅशनल्सला. हजेरीच्या सवलतीचं पत्र जिमखान्यातून ऑफिसात जायचं होतं. ते गेलं नाही. मी आले तेव्हा माझं नाव कमी हजेरीच्या यादीत लागलं होतं. हॉल तिकीट मिळालं नाही."

"माझ्याकडे का नाही आलीस?"

"आले होते. तुम्ही आमच्या मेडलचे पेढे वाटत होतात. मलाही दिलात. तुम्ही इतके खूश होतात, की मला सांगताच येईना." ती पाण्याकडे बघत होती. "पुढच्या वर्षी बसू म्हटलं. तोवर रेल्वेची नोकरी आली, खेळावरच. नंतर कॅम्पच कॅम्प. निकालाच्या दिवशी पप्पांनी विचारलं, तेव्हा तोंडातून पास निघून गेलं. मग त्यांनी मिस्सा सांगितला."

सरांना ते पत्र आठवेना. आठवलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याची माफी मागता आली असती. किती पत्रं त्यांनी सह्या करून टेबलावर ठेवली असतील आणि मुलांच्या संघाबरोबर गाडीत बसून निघून गेले असतील, कोण जाणे. त्यांना फार लाज वाटली, आणि त्याहूनही थकवा आला.

"आणखी कोणाचं असं झालं असेल?" तिने विचारलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "कार्डं नवीन छापून घेतो. तू नाही आलीस तरी चालेल. प्राचार्यांना मी सांगतो काय ते."

"मी नाही आले तर कोर्ट जाईल ना?"

सरांनी काठावरचा एक खडा चपलेने बाजूला सारला.

"येते मी. कार्डं बदलू नका. आईलाही आणणार आहे. स्टेजवर माझी ओळख कोण करून देणार?"

"इंग्रजीच्या ज्ञानदा मॅडम."

"तुम्ही करून द्या. छापलंय तसं वाचा."

"अगं, पण ते खोटं—"

"बावीस वर्षं मीच बोलतेय ते, सर. एकदा तुम्ही बोला."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने घडी उलगडून कार्ड त्यांच्या हातात दिलं.

"एकदा वाचून दाखवा."

त्यांनी चष्मा वर सरकवला. शेजारच्या वाडीत कोणीतरी पंप चालू केला होता. संघाचं नाव, सालं, पदकं, सगळं ते मेळाव्यात वाचतात तसं वाचत गेले. पदवीपाशी आले तेव्हा आवाज खाली गेला. तरी त्यांनी बी.कॉम. ही अक्षरं उच्चारली.

"जरा मोठ्याने, सर," फ्लॉसी म्हणाली. "आईला हल्ली कमी ऐकू येतं."