इल्टेनाऊ जिल्ह्याची शेवटची नंबरप्लेट

मित्रांनो, मी एक जुनी नंबरप्लेट आहे. आधीच सांगून टाकते, मी गोड बोलणाऱ्यांतली नाही. गोड बोलणारे सगळे शेजारच्या व्हेस्टरफुर्टला राहतात. गोड बोलूनच त्यांनी आमचा जिल्हा गिळला.

माझा जन्म इल्टेनाऊच्या सरकारी कचेरीसमोरच्या एका खोलीभर दुकानात झाला. तिथला म्हातारा कोऱ्या पत्र्याखाली ठसे मांडायचा आणि दांडा ओढायचा. एका दणक्यात माझ्या अंगावर आय-एल-टी ही जिल्ह्याची अक्षरे उठली. शेतीच्या वाहनाला कर माफ असतो, म्हणून त्यांना हिरवा रंग मिळाला. मग रस्ता ओलांडून मला कचेरीत नेले. तिथल्या बाईंनी माझ्यावर जिल्ह्याचा गोल शिक्का मारला. त्या शिक्क्याशिवाय मी म्हणजे नुसता पत्रा. हार्म ल्यूर्स नावाच्या तरुण शेतकऱ्याने मला आपल्या नव्याकोऱ्या ट्रॅक्टरच्या पाठीवर घट्ट आवळले, आणि आम्ही दोघे ताठ मानेने घरी गेलो.

आमचा जिल्हा तो केवढासा! दलदल, गवताळ कुरणे, बटाट्याची शेते, एक दूध संघ, एक दवाखाना आणि एक तुरुंग, जो बहुधा रिकामाच असे. पण त्याचा कारभार त्याचा होता. बादशहाच्या काळात तो जन्मला. बादशहा गेला, जिल्हा राहिला. मग हुकूमशहाचे तपकिरी गणवेशवाले आले. त्यांच्या काळात कचेरीच्या पायऱ्यांवर काय काय घडले ते मला ठाऊक नाही, कारण मी तेव्हा नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते ते बोलत नसत. तेही गेले. दोन युद्धांनी जे मेले नाही ते शेवटी राजधानीतल्या एका फुटपट्टीने मारले. एवढ्याशा जिल्ह्याचा खर्च परवडत नाही, असे तिथल्या साहेबांनी ठरवले आणि १९७७च्या उन्हाळ्यात आम्हाला व्हेस्टरफुर्टच्या ताटात वाढले.

आमचे शेतकरी गप्प बसले नाहीत. सगळे ट्रॅक्टर घेऊन व्हेस्टरफुर्टवर गेले. हार्म सर्वांत पुढे होता. त्याने तिथल्या कचेरीच्या दारात गाडीभर शेण ओतले आणि ओरडला, "घ्या! एवढी भूक लागलीय ना, हेपण गिळा!" दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात हार्मचे तोंड दिसत नव्हते, मी मात्र ठळक दिसत होते. शेण त्यांनी धुऊन काढले आणि जिल्हा ठेवून घेतला.

मग आमच्या कचेरीत गालिच्यांचे दुकान आले. दवाखान्याला कुलूप लागले. बाळंतपणालासुद्धा व्हेस्टरफुर्टला जायची वेळ आली. माझ्या बाबतीत नव्या कचेरीचा नियम असा होता की, जुनी प्लेट चालेल, पण गाडीचा मालक बदलला की ती उतरवायची. एकेक करून सगळ्या उतरल्या. मी राहिले. हार्म रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसायचा. बाजारात म्हातारे टोपी काढून म्हणायचे, "हार्म, तू आहेस म्हणून आपला जिल्हा आहे!" त्या शब्दांनी हार्मची छाती फुगायची, आणि खोटे कशाला बोलू, माझीही.

आमच्याकडे रीत आहे. म्हातारा शेतकरी शेत मुलांच्या नावावर करतो आणि अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहायला जातो. जेवण, लाकूड, अंडी मुलांनी पुरवायची. हार्मनेही शेत, गाई, गोठा सारे आपल्या एकुलत्या मुलीला, इम्केला दिले. ट्रॅक्टर तेवढा दिला नाही. दिला असता तर मी गेले असते.

आणि इम्केने नवरा कुठला केला, तर व्हेस्टरफुर्टचा! रॉल्फ त्याचे नाव. हार्मने लग्नातच त्याला बजावले, "जावईबापू, माझ्या ताटात जेवा, माझ्या मुलीशी संसार करा. पण त्या ट्रॅक्टरला व्हेस्टरफुर्टचा हात लागायचा नाही."

रॉल्फ हसला. त्याला ती थट्टा वाटली.

जून महिना होता. गवत कापून, वाळून शेतात पडले होते. गाईंचा हिवाळा त्यावर जायचा होता. त्याच सकाळी इम्केला कळा सुरू झाल्या आणि तिला व्हेस्टरफुर्टच्या दवाखान्यात न्यावे लागले. हार्मची कंबर धरली होती, तो खाटेवरून उठू शकत नव्हता. दुपारी पश्चिमेला आभाळ काळे झाले. रॉल्फ दवाखान्यातून धावत आला आणि खिडकीशी उभा राहिला.

"मुलगा झाला, बाबा! दोघं ठीक आहेत. आता किल्ली द्या पटकन, पाऊस यायच्या आत गवत ओढतो."

"मुलगा कुठं झाला?"

"कुठं म्हणजे? दवाखान्यात."

"व्हेस्टरफुर्टला," हार्म म्हणाला. "म्हणजे एक तुमचा वाढला. किल्ली मिळायची नाही."

"अहो, तुमच्याच गाईंचं गवत आहे ते!"

"इम्केच्या गाई. ट्रॅक्टर माझा."

रॉल्फ एका शेजाऱ्याकडे गेला, दुसऱ्याकडे गेला. त्या दिवशी प्रत्येकाचे गवत शेतात होते, कोण कोणाला ट्रॅक्टर देणार? शेवटी तो दाताळे घेऊन एकटाच गवत गोळा करू लागला. गारा पडल्या तेव्हाही तो शेतातच होता. मी छपराखाली कोरडी होते. शाबास हार्म, असेच मला तेव्हा वाटले.

इम्के बाळ घेऊन घरी आली तोवर गवत काळे पडून कुजू लागले होते. ती तशीच बापाच्या दारात गेली.

"किल्ली कुठं होती, बाबा?"

"माझ्या खिशात."

तिने गाई विकल्या, जमीन शेजाऱ्याला कसायला दिली आणि ती नवऱ्यामागे व्हेस्टरफुर्टला गेली. हार्मने फार पूर्वीच शपथ घेतली होती की त्या गावात पाय ठेवणार नाही. तो शब्दाचा पक्का निघाला. इम्के दर रविवारी त्याच्यासाठी डबा घेऊन येई, पायरीवर ठेवी आणि परत जाई. नातू कधी आला नाही, हार्मने कधी बोलावले नाही. तो मला पुसत राहिला, वर्षानुवर्षे. बाजारात टोपी काढणारे म्हातारे एकेक करून संपले, आणि एका हिवाळ्यात हार्मही गेला.

ट्रॅक्टर इम्केच्या नावावर झाला. तिने मला उतरवून व्हेस्टरफुर्टच्या कचेरीत नेले. मी मनात सगळ्यांना शिव्या देत होते. खिडकीतल्या तरुण कारकुनाने मला पाहिले आणि तो उठूनच उभा राहिला.

"अहो ताई, आय-एल-टी! अजून आहे ही? तुमचं नशीब बघा, नवा नियम आलाय. जुन्या जिल्ह्यांची अक्षरं आता कुणालाही परत मिळतात. लोक हौसेनं घेतायत. तीच लावू ना?"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले, आपण जिंकलो!

"नको," इम्के म्हणाली. "व्हेस्टरफुर्टचीच द्या."

"पण तुमच्या वडिलांनी एवढी जपली..."

"जपली ना. रोज पुसायचे." तिने मला खिडकीतून पुढे सरकवले. "माझ्या पोराच्या तोंडावरून त्यांनी एकदाही हात फिरवला नाही."

 कारकुनाने नियमाप्रमाणे माझा शिक्का खरवडला. "घरी नेणार का?" असे त्याने विचारले, तेव्हा तिने मानेनेच नाही म्हटले आणि ती निघून गेली.

त्याने हौसेने मला खिळ्यावर टांगले. आता मी व्हेस्टरफुर्टच्या कचेरीच्या भिंतीवर आहे. व्हेस्टरफुर्टचेच लोक मला बघून "किती छान!" म्हणतात, आणि माझा संताप होतो. तुमच्या शाळेत सांगत असतील, जुन्या वस्तू जपा. अवश्य जपा. पण त्यासाठी दारात उभ्या असलेल्या माणसाला किल्ली नाकारू नका. मला जपणारा गेला, तेव्हा त्याचे डोळे मिटायला शेजारी बोलवावा लागला होता.