उंबरठ्यातला खिळा

भांडुपच्या देवळात धोंडिरामबुवा तीस वर्षं कीर्तन करत होते. त्यांचा खडा आवाज ऐकून गोरेगावच्या स्टुडिओतल्या मार्तंड नावाच्या दिग्दर्शकाने त्यांना भुताच्या सिनेमात पुजारी केलं.

"बुवा, गोष्ट ठरलेली असते," मार्तंड म्हणाला. "जुनी हवेली. कंदीलवाला म्हातारा सांगणार, तिकडे जाऊ नका. पोरं जाणारच. मग एकेक जण खल्लास. शेवटच्या रिळात तुम्ही. उंबरठ्यात खिळा ठोकलात की भूत कायमचं बाहेर. पब्लिक शिट्ट्या मारणार, झकास!"

"भूत कुणाचं?"

"बाळंतपणात मेलेल्या बाईचं. पोर न्यायला येते."

"न्यायला, की बघायला?"

"बघायला आली तर सिनेमा कुठून होणार, बुवा?"

सगळे हसले. बुवांच्या हातातली हातोडी मात्र जड झाली. गेल्या वर्षी त्यांची मुलगी जानकी अशीच गेली होती, पोरीला जन्म देऊन. तेव्हा मेहुणा कुंडलिक गावाहून आला आणि म्हणाला, "भावजी, अशी बाई पोरासाठी परत येते. आधी खिळा मारा." नामापुढे भय उरत नाही, असं देवळात जन्मभर सांगणाऱ्या बुवांनी घरी स्वतःच्या हाताने खिळा मारला होता.

स्टुडिओबाहेर दुपारचं ऊन आणि आत निळ्या दिव्यांची रात्र. हिरव्या लुगड्यातली, पांढरी पावडर फासलेली मुलगी दारात आली. तिने रबराच्या बाहुलीकडे दोन्ही हात पसरले. बुवांची हातोडी उठेना. दोन टेक वाया गेले. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटून घाव घातला. मुलगी किंचाळत कोसळली. टाळ्या पडल्या.

मग ती उठली आणि लुगडं झटकत म्हणाली, "बाबा, दमलात तुम्ही. पाणी आणू?"

बुवा तसेच, कपाळावरचा रंगही न पुसता, घरी आले आणि पक्कड घेऊन उंबरठ्याशी बसले. खिळा गंजला होता. बऱ्याच झटापटीनंतर निघाला. त्यांची बायको सुंदराबाई नातीला खांद्यावर घेऊन बघत होत्या.

"आता काढून काय उपयोग?" त्या म्हणाल्या. "वर्षभर उभी राहिली असेल दारात. गेली असेल."

बुवांनी पक्कड खाली ठेवली. नातीच्या बारशाला घरात पाळणा म्हटला गेला नव्हता. रामजन्माच्या कीर्तनात दरवर्षी देवळातल्या बायांना रडवणारा तो माणूस उठला, पाळणा ओढत दाराशी आणला आणि नातीला त्यात निजवलं.

"सुंदरे, दोरी धर."

आणि बाहेर, चाळीच्या रिकाम्या गॅलरीकडे तोंड करून, खड्या आवाजात ते पाळणा म्हणू लागले. दुसऱ्याच कडव्याला आवाज फुटला. सुंदराबाईंनी पुढचं कडवं उचललं. दार उघडंच होतं.