उसनी मशीनं

सलाइनचा लोखंडी स्टँड पहिल्यांदा काचेवर बसला आणि दुसऱ्यांदा विनताच्या मनगटावर. काच फुटल्याचा आवाज अख्ख्या मजल्यानं ऐकला, हाड मोडल्याचा तिनं एकटीनं. तिनं हात आडवा घातला नसता, तर तो घाव तिच्या मागे उभ्या असलेल्या दुर्वाच्या डोक्यात गेला असता. दुर्वा नर्स म्हणून नोकरीला लागून दोनच महिने झालेली पोर. ती भिंतीला चिकटली होती.

कोदूलाल मरावीनं स्टँड पुन्हा उचलला. कुंडमकडचा हा हडकुळा मजूर चार दिवस नवजात बाळांच्या त्या वॉर्डाच्या दारात चपला काढून उभा असायचा आणि वॉर्डाची सिस्टर असलेल्या विनताला दीदी म्हणतानाही मान खाली घालायचा. आता त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, घशातून नुसता घरघराट येत होता. तिसरा घाव औषधांच्या ट्रॉलीवर पडला, चौथा भिंतीवर. मग दोन वॉर्डबॉय आणि एक रखवालदार त्याच्यावर तुटून पडले. त्यांनी त्याला असा काही तुडवला की विनताच मोडका हात पोटाशी धरून ‘छोड़ो, मर जाएगा’ म्हणत राहिली. तिचं कोण ऐकतंय? कोदूलालच्या तोंडातून रक्त आलं, तेव्हा कुठे ते तिघे दमले.

आत त्याचा चार दिवसांचा मुलगा पांढऱ्या कापडाखाली होता. सकाळी सव्वाअकराला तो गेला.

खरं तर उजाडल्यापासूनच त्याचा श्वास अडकत होता. वॉर्डात श्वास देणारी दोन मशीनं. एक दुसऱ्या बाळाला लावलेलं, दुसरं आठ महिन्यांपासून कोपऱ्यात बंद पडलेलं. मशीन नसलं की रबरी पिशवी हातानं दाबून बाळाच्या फुप्फुसात हवा सोडायची. चौदा बाळांमागे दोन नर्स. पिशवी दाबत बसायला हात आणायचे कुठून? म्हणून ते काम बाळाच्या बापाला नाहीतर मामाला द्यायचं, अशी त्या वॉर्डाची रीतच पडून गेली होती. पुस्तकात ती कुठे लिहिलेली नव्हती, पण सगळ्यांना ठाऊक होती. विनतानंच कोदूलालला शिकवलं. दाब, सोड, सोड. दाब, सोड, सोड. गडी शहाणा. सहापासून तो स्टुलावर बसून दाबत होता. बायको नर्मदा टाके घातलेल्या अवस्थेत खालच्या मजल्यावर पडलेली. बदली करायला दुसरं माणूस नव्हतं.

दहाच्या सुमाराला त्याची मान एकदा कलली. विनतानं पाहिलं, खांद्याला हात लावून हलवलं, आणि तो दचकून पुन्हा दाबायला लागला. मिनिटभराचीसुद्धा गोष्ट नव्हती. पण पुढे सगळं संपलं तेव्हा घाबरलेल्या दुर्वानं त्याला विचारलं, ‘बीच में हाथ रुका था क्या?’ बस्स. एवढं ऐकलं आणि त्यानं शेजारचा स्टँड उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनता घरी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती, तेव्हा डॉ. आल्हाद स्वतः आले. रुग्णालयाचे अधीक्षक, मूळ इंदूरचे, बोलायला गोड, वयानं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी फळं आणली होती आणि टाइप केलेला एक कागद. विनताच्या नवऱ्यानं, शशिकांतनं, त्यांना चहा दिला. लष्कराच्या तोफगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला साधा माणूस तो, मोठा साहेब घरी आला म्हणून अर्धा उभाच होता.

साहेबांनी समजावून सांगितलं. रुग्णालयात मारहाण करणाऱ्याला जामीन नाही, असा राज्याचा नवा कायदा आहे. कोदूलालला ठाण्यात बसवून ठेवलंय. तक्रारीवर विनताची सही झाली की गुन्हा दाखल होईल, पाच-सात वर्षं तरी आत जाईल, आणि मग कोणाची हिंमत होणार नाही. विनताला नुकसानभरपाई मिळेल ती वेगळी.

“उजव्या हातानं जमणार नाही ना? मग डाव्याचा अंगठा चालेल,” ते म्हणाले.

अंगठा! नोकरीच्या तेहेतीस वर्षांत विनतानं किती आयांचे अंगठे घेतले असतील, त्याची गणती नाही. शाईचा डबा पुढे करायचा, बोट धरायचं, संमतीच्या कागदावर टेकवायचं. त्यात काय लिहिलंय ते कधी कोणाला वाचून दाखवलं नाही, कारण वेळ कोणाला होता? आज तिच्यापुढे कागद आला तसा तिनं चष्मा मागितला.

कागदात लिहिलं होतं की वॉर्डात पुरेशी उपकरणं उपलब्ध होती, पुरावा म्हणून विधानसभेच्या समितीचा अहवाल सोबत जोडला आहे. पुढे लिहिलं होतं की बालकाला हवा देण्याचं काम वडिलांनी स्वतःहून मागून घेतलं, त्यात हयगय केली, झोप काढली, त्यामुळे बालक दगावलं, आणि तो दोष लपवण्यासाठी त्यांनी हल्ला केला.

विनतानं ते दोनदा वाचलं. तिच्या अंगाचा असा भडका उडाला की हाताची कळसुद्धा मागे पडली.

“झोप काढली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दुर्वानं. आणि तुम्हीही पाहिलंत म्हणे.”

“अन् पुरेशी उपकरणं?”

साहेब चहाच्या कपाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, “ताई, तो अहवाल कसा झाला ते तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे.”

खोटं नव्हतं ते. जानेवारीत समिती येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त धावपळ विनतानंच केली होती. भोपाळहून सात-आठ आमदार येणार, बालआरोग्याचा खर्च ठरवण्याआधी वॉर्ड डोळ्यांनी बघणार. शहाण्या माणसानं काय केलं असतं? बंद मशीन दारातच ठेवलं असतं, म्हणाला असता, बघा बाबांनो आमची दैना. पण विनता आपल्या आईच्या हाताखाली वाढलेली. पाहुणे आले की शेजारून ताटवाट्या आणायच्या, सतरंजी आणायची, पण घरात उणं आहे हे बाहेरच्याला दिसू द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! शिवाय उणं दिसलं तर साहेब लोक वॉर्डाच्या सिस्टरलाच झापतात, हाही अनुभव होताच. साहेब काळजीत पडले तेव्हा तीच म्हणाली, “तुम्ही नका घाबरू सर, मी बघते.” राइट टाउनातल्या एका खासगी नर्सिंग होममध्ये तिची ट्रेनिंगमधली मैत्रीण अंजनी मेट्रन होती. एक फोन केला. तीन मशीनं ऑटोतून आली, पुसून-पासून लावली, आणि समितीची पाठ वळताच संध्याकाळी परत गेली. एका आमदारानं तिच्या वॉर्डाचं तोंड भरून कौतुक केलं. तेव्हा तिला काय आनंद झाला होता! त्या आठवणीचीच आता तिला शिसारी आली.

मार्चच्या बजेटात चार नव्या मशीनांची मागणी खोडली गेली. शेरा आला, आवश्यकता दिसत नाही. आणि मजा अशी की कायदाही त्याच अधिवेशनात पास झाला. मशीन द्यायचं नाही, पण मशीन नाही म्हणून कोणी पिसाळला तर त्याला आत टाकायची सोय मात्र पक्की करून ठेवायची. विनता तेव्हा सगळ्यांसारखीच कायद्यावर खूश होती. बजेटावर मात्र तिनं तोंड शिवून घेतलं. बोलणार कोणत्या तोंडानं?

साहेब गेल्यावर शशिकांत जवळ येऊन बसला.

“काहून एवढा विचार करून राहिली? त्यानं तुझा हात मोडला. चौदा महिने राहिले रिटायरमेंटचे. सही कर अन् मोकळी हो.”

तिनं डाव्या हातानं फोन घेतला आणि अंजनीला लावला. अंजनीनं पेपरात वाचलं होतं, ती हळहळायला लागली. विनतानं तिला मधेच थांबवलं.

“काल सकाळी तुमच्याकडे किती मशीनं मोकळी होती?”

“दोन होती. काहून?”

विनतानं फोन मांडीवर ठेवला. काल सहा ते सव्वाअकरा, पाच तासांवर वेळ होता. तिनं साहेबांना सांगितलं, स्टोअरला सांगितलं, बंद मशीनचा मेकॅनिक शोधला. अंजनीला फोन करायचं डोक्यातच आलं नाही. ती स्वतःला बजावून बघत होती की गडबड होती, बाळं चौदा होती. पण खरं कारण तिला समजत होतं आणि ते समजूनच तिला रडू फुटलं. उसनं मागायचं ते पाहुण्यांसाठी. घरच्यांसाठी कोणी मागतं का? कुंडमच्या मजुराच्या पोरासाठी कोण कोणाला फोन करतं? वॉर्डात अशी पद्धतच नव्हती.

शशिकांतनं तिला पाणी दिलं. ती रडायची थांबल्यावर म्हणाली, ऑटो बोलाव.

ठाण्यात तिला खुर्ची मिळाली. ठाणेदारानं साहेबांचा कागद पुढे सरकवला. तिनं तो बाजूला केला आणि कोरा मागितला. डाव्या हातानं लिहायला तिला पाऊण तास लागला. अक्षरं बालवाडीतल्या पोराच्या अक्षरांसारखी वेडीवाकडी आली, पण वाचता येण्याजोगी होती. वॉर्डात मशीनं किती, चालू किती, समितीच्या दिवशी कुठून आणली, कोणी आणली, परत कधी गेली. पिशवी दाबायला बापाला कोणी बसवलं. शेवटी लिहिलं की हात मोडला हे खरं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

ठाणेदारानं वाचलं. तो काही वाईट माणूस नव्हता.

“मैडम, इससे तो आपकी ही नौकरी जाएगी.”

“मालूम है,” विनता म्हणाली. “एक बार उससे मिलना है.”

मागच्या खोलीच्या दाराशी एक हवालदार खुर्ची टाकून बसला होता. आत फरशीवर कोदूलाल. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला, शर्टावर कालचंच रक्त वाळलेलं. तिला बघून तो धडपडत उठला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवायला गेला. ती मागे सरली तसा तो गुडघ्यांवरच राहिला, हात जोडून. त्याला वाटलं असावं, दीदी शिव्या द्यायला आली. आपल्याला सोडा, असं तो म्हणालाच नाही. जेल झाली तर होऊ दे, असंच तो म्हणत होता. पुन्हा पुन्हा तो एकच गोष्ट सांगत होता, तिला, हवालदाराला, समोरच्या भिंतीला.

“हाथ हमारा ढीला पड़ गया था, दीदी. आँख लग गई थी. हमने मार डाला उसको.”

नर्मदानं विचारलं तर काय सांगू, असं तो म्हणाला. रात्रभर तो दोन्ही हात भिंतीवर आपटत होता म्हणे. हवालदारानं त्याच्या हातांकडे बोट दाखवून तिला ते सांगितलं. बोटांची सालं निघाली होती.

इथेच थांबता आलं असतं. कागद दिला होता, माणूस सुटणार होता. माफ किया म्हणायचं, पाठीवर हात ठेवायचा, ऑटोत बसायचं. त्यानं तिला देवीच मानलं असतं. विनताच्या ओठांपर्यंत ते शब्द आलेही. पण मग हा माणूस जन्मभर तेच घोकत बसेल, दाब, सोड, सोड, आणि मधे आपली मान कलली. ते तिच्यानं बघवेना.

ती त्याच्यासमोर फरशीवर बसली. त्याला कळेल अशा साध्या हिंदीत तिनं सगळं सांगितलं. हातानं पाच तास कोणाच्यानंच होत नाही, माझ्यानंसुद्धा झालं नसतं, तुझ्या मुलाला मशीन हवं होतं. आमच्याकडे नव्हतं. आमदार आले त्या दिवशी होतं. मी मागवलं होतं, दिवसभरापुरतं, दाखवायला. काल तुझ्या मुलासाठी नाही मागवलं. तुझा हात ढिला पडला म्हणून नाही झालं ते.

कोदूलाल ऐकत होता. समजायला त्याला वेळ लागला. जोडलेले हात सुटून मांडीवर आले.

“वो मशीन,” त्यानं विचारलं, “कल कहाँ थी?”

“राइट टाउन में. एक नर्सिंग होम में.”

“खाली थी?”

“हाँ. दो.”

उघड्या राहिलेल्या एका डोळ्यानं त्यानं तिच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच मान वर करून बघत होता.

“कितनी दूर है, दीदी?”

“ऑटो से बारह मिनट.”

कोदूलाल उठून उभा राहिला. त्यासरशी हवालदारही खुर्चीवरून उठला आणि काठी घेऊन दारात आला. विनतानं डाव्या हातानं हवालदाराला तिथेच थांबायला सांगितलं, आणि ती होती तिथेच बसून राहिली.