फोन आला की बंद पडते

शहपुऱ्याच्या पॅथॉलॉजी लॅबमधला रिपोर्टचा प्रोग्राम आठवडाभर रोज बंद पडत होता, आणि तोही फक्त रिपोर्ट टाइप करणाऱ्या कलावतीकाकूंच्या कॉम्प्युटरवर. टाइप केलेले रिपोर्ट उडायचे, पेशंट खिडकीवर येऊन भांडायचे. शेवटी लॅबचे डॉक्टर शैलेंद्र वैतागून मला म्हणाले, "विनता जी, साफ लिखकर दीजिए. गड़बड़ प्रोग्राम में है या कलावती जी में? उनमें हो तो काम पर रखना मुश्किल है उनको."

प्रोग्राम मी लिहिलेला. डॉक्टर सांगतील ते बदल मी महाराजपूरला घरी बसून करायचे, नवी फाइल लॅबच्या सर्व्हरवर चढवायचे आणि लगेच काकूंना फोन करायचे, "आता बघा."

"मॅडम, तुमचा फोन आला का हे बंद पडते," काकू म्हणायच्या. "मी तर नुसती टाइप करून राहिली होती."

पहिल्यांदा मला हसू आलं. नंतर रागच यायला लागला. शेजारच्या दोन कॉम्प्युटरवर तर सगळं ठीक चाललं होतं! सोमवारी संध्याकाळी मी डॉक्टरांना लिहून दिलं, चूक ऑपरेटरची.

रात्रभर मन खात राहिलं. मंगळवारी दुपारी प्रोग्राम बंद पडल्याच्या वेळा काढल्या आणि माझ्या फाइल चढवण्याच्या वेळांशेजारी ठेवल्या. दर वेळी माझी फाइल आधी, आणि एक-दोन मिनिटांत काकूंचा प्रोग्राम आडवा.

तिन्ही कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम सर्व्हरवरच्या त्या एकाच फाइलमधून चालतो, लागेल तसा तुकडा तिथून घेतो. तो चालू असताना मी फाइलच बदलत होते, मग जुन्यात नवं मिसळून तो कोसळणार नाही तर काय! बाकीचे दोघं रक्त घ्यायला उठताना प्रोग्राम बंद करायचे, परत आले की नवी फाइल पहिल्यापासून उघडायची. काकू मात्र सकाळी बसल्या की संध्याकाळपर्यंत जागच्या हलत नसत. एवढी शिकलेली मी, त्यांचं एकदा नीट ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं?

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं.

"उनको तो सुबह ही काम पर आने से मना कर दिया. आपने ही तो लिखा था."

"वापस बुलाइए, सर. गलती मेरी है."

"देखते हैं," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

मग काकूंना लावला. माफी कशी मागायची ते जुळवतच होते. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"मॅडम, आजबी बंद पडलं काय? मी नाही हो काही केलं. मी तर घरी आहे."