चिटकून राहिला

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी विनायक सौंसरला सासऱ्याच्याच घरी राहत होता. आता त्याची बदली पांढुर्ण्याला झाली होती. तिथं खोली बघून ठेवली होती आणि घरमालकाला संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. राहिलं होतं ते सासऱ्यांपुढे, नत्थूजींपुढे, तोंड उघडणं. सकाळपासून तीनदा त्यानं घसा साफ केला, तिन्ही वेळा सासऱ्यांनी पाण्याचा गिलास पुढे केला.

चौथ्यांदा खाकरणार, तोच त्याची लेक सायली विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता घेऊन ओसरीवर आली आणि मोठ्यानं वाचू लागली.

"अँगलर मासा. खोल समुद्रात मिट्ट अंधार. मादीच्या कपाळावर दिवा, तोंडात सुईसारखे दात. नर बोटाएवढा. तो मादीच्या पोटाला चावतो. एकदा चिकटून राहिला, की दोघांचं रक्त एक होतं. मग नराचे डोळे जातात, आतडी जातात."

"अन खाते काय थो?" नत्थूजींनी विचारलं.

"मादीच्या रक्तातूनच मिळतं, आबाजी. फुकट."

नत्थूजींनी संत्र्याची फोड तोंडात टाकली आणि जावयाकडे फार मायेनं पाहिलं. "जवाईबापू, चष्म्याचा नंबर वाढला म्हनत होते ना तुमी?"

आत त्याची बायको नलिनी फिसकन हसली. विनायकचे कान तापले. त्यानं तक्ता ओढून घेतला, ती ओळ पुन्हा वाचली आणि एकदम सरसावून बसला.

"मामाजी, जेवून राहिलो म्हन्जे काय?"

"जेवन चालू हाय."

"झालं नाही ना?"

"कसं होईन? ताट पुढंच हाय."

"मंग पाहा, इथं 'चिकटून राहिला' लिवलं. म्हन्जे पुरा चिटकला नाही अजून. तसाच मी बी. मी पांढुर्ण्याले जाऊन राहिलो. बदली झाली, खोली पाहिली."

नत्थूजींचा हात संत्र्यावरच थांबला. "नऊ वर्सं नुसते चिटकूनच राहिले? भलतेच ढिले बावा तुमी." मग आवाज जरा उतरला. "अन नलू?"

"मी डबे भरून राहिली, बाबूजी," नलिनी आतूनच म्हणाली. "खोलीवाल्याचा काल फोन आलता, तवाच हो सांगून टाकलं."

विनायकनं खोलीचं तिला अजून सांगितलंच नव्हतं.

नत्थूजींनी सायलीला जवळ ओढलं. "पोरी, मादी गेली दुसरीकडं, तं नराचं काय होते?"

"तो तिच्यासंगं लटकत जातो."

"मंग बराबर हाय," नत्थूजी खो खो हसले. "बदली नलूची झाली. हे लटकून राहिले!"